मी आलो

सकाळी सातला पापाच्या तिकटीवरनं वळतो मी.
पिशवीत तेलाची बाटली, धुतलेली फडकी,
गुडघ्यात माझी स्वतःची कुरकुर.
एकतीस वर्सं बाळंतिणींस्नी न्हाऊ घालतो.
कुणाच्या पाठीवर तीळ कुठं हाय
ते नवऱ्याआधी मला ठावं.

शुक्रवार पेठेतलं घर, वरचा मजला.
पोरगी चिपळूणकडची, स्वरांगी.
आईचा खुबा मोडला, म्हणून बाळंतपण सासरी.
पहिल्या दिवशी हसली होती मला,
"मावशी, बाई असून तुम्ही आलो, गेलो, बसलो?"
म्हटलं, आमच्या कोल्हापुरात बाई असंच बोलती,
आणि आलो म्हणाली की येतीच.

आज तेरावा दिवस.
हसणं कुठंतरी ठेवून विसरल्यागत झालंय.

तेल लावताना कळतं.
दमलेली पाठ हाताखाली सैल सुटती,
भ्यालेली आखडती.
ही दोन्ही न्हवं.
ओल्या पोत्यागत, ठेवावी तिथं.

पोरगं रडत होतं, ती पंख्याकडं बघत होती.
मी त्याला पायावर घेतलं,
कोमट पाणी, तळहातात मावणारं डोकं.
नाकाकानात तेल घालत न्हाई आता,
सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं झापलं होतं एकदा,
चार दिवस फुगून बसलो, मग मानलं.
धुरीबी बंद केली.

सासू म्हणाली, "मुलगा झालाय, आणखी काय पायजे?
डिंकाचं, अळिवाचं, डबं भरून लाडू,
एकाला बोट लावलं न्हाई."
नवरा शिरोलीच्या फौंड्रीतनं रात्रपाळी करून
गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीखालचं दूध आणतो,
पेला धरून उंबऱ्यातच उभा.
त्याला वाटतं, दुधानं भागंल.

मला एक दार आठवलं. सतरा वर्सांमागचं.
त्या बाईचं नाव सांगत न्हाई.
तिचीबी पाठ अशीच.
"होईल गं सगळं नीट," म्हटलं
आणि पिशवी उचलली.
दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत गर्दी,
आणि कुणीतरी पोरगा
पावडरच्या दुधाचा डबा घेऊन पळत येत होता.

म्हणून आज पिशवी उचलली न्हाई.
दार लोटलं. हात पुसले. तिच्या पुढ्यात बसलो.
"पोराकडं बघून काय वाटतं? खरं सांग.
मी कुणाच्या बाजूची न्हवं."
लई वेळ पंखाच फिरला.
मग म्हणाली, "काहीच वाटत नाही, मावशी.
तेच तर."

आशाताईला फोन लावला.
तिनं येड म्हटलं न्हाई, बाहेरचं म्हटलं न्हाई,
"अकरापर्यंत सीपीआरला आणा,
मी केसपेपर काढून ठेवतो."
सासूला सांगितलं, टाके दाखवायचेत.
खोटं बोललो. अंबाबाई बघून घेईल.

डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची.
घाई केली न्हाई.
स्वरांगीशी बोलली, मग नवऱ्याला आत घेतलं.
"रात्री बाळासाठी कोण उठतं?"
तो फौंड्रीनं काळी केलेली नखं बघत राहिला.
त्यानं पाळी बदलून मागितली, ते पुढच्या आठवड्यात.
गोळ्या लागू व्हायला त्याहून जास्त दिवस गेले.
सासूला टाक्यांचं खोटं कळलं,
दोन दिवस माझ्याशी अबोला,
तिसऱ्या दिवशी तीच केसपेपर शोधत होती.

माझं काम सव्वा महिन्याचं.
तो सरला, पैसे मिळाले, साडीबी.
तरी जातो, वाटेत पडतं म्हणून.
वाटेत पडत न्हाई.

काल जिना चढत होतो.
वर पोरगं रडायला लागलं
आणि आतनं आवाज आला, चिपळूणचा,
"आलो, आलो रे, आलो!"

मधल्या पायरीवर थांबलो जरा.
गुडघा दुखत होता.